वीज उपकेंद्रातील एस.एफ.6 वायू : गुणधर्म आणि दक्षता
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



अशा प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज एका वायूविषयी बोलणार आहे. आपल्या शिरपूरचा एक मुलगा आय.टी.आय.तून इलेक्ट्रिशियन झाला आणि एका कंत्राटदाराकडे सबस्टेशनच्या कामावर लागला. ईदच्या सुट्टीत तो भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "सर, आमच्या ब्रेकरमध्ये एक गॅस भरतात. त्याला रंग नाही, वास नाही, विषारीही नाही म्हणतात. मग त्याला एवढे भ्यायचे कशाला?" मी बी.ए., बी.एड. शिक्षक. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. पुढे पुस्तके मिळवली, जाणकारांना विचारले आणि जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपली पुष्कळ मुले वायरमन, इलेक्ट्रिशियन म्हणून पुण्या-मुंबईला आणि आखातात जातात. त्यांच्या अम्मी-अब्बूंनाही हे ठाऊक असलेले बरे.

प्रथम ब्रेकर म्हणजे काय ते पाहू. घरातील बटन बंद करताना अंधारात बारीक ठिणगी दिसते. बटनाचे दोन भाग दूर झाले तरी वीज क्षणभर हवेतून वाहू पाहते, तीच ही ठिणगी. घरात दाब 230 व्होल्ट असतो. मोठ्या उपकेंद्रात तो 132, 220 किंवा 400 केव्ही, म्हणजे लाखो व्होल्ट असतो. तेथे तारेवर झाड पडले वा वीज कोसळली, तर प्रवाह एका क्षणात तोडावा लागतो. त्या वेळी ठिणगी राहत नाही, तिचा हजारो अंश तापमानाचा झोत होतो. त्याला आर्क म्हणतात. हा आर्क विझवणे हे सर्किट ब्रेकरचे काम.

पूर्वी यासाठी तेल वापरीत. तेल पेट घेई आणि टाकी फुटण्याचे भय असे. जोरदार दाबाच्या हवेचेही ब्रेकर होते, पण त्यांना मोठे कॉम्प्रेसर लागत आणि आवाज तोफेसारखा होई. या अडचणी सल्फर हेक्झाफ्लोराईड या वायूने दूर केल्या. गंधकाचा एक अणू आणि फ्लोरिनचे सहा अणू मिळून तो बनतो, म्हणून त्याला एस.एफ.6 म्हणतात. फ्रान्समधील शास्त्रज्ञ आंरी म्वासां आणि पॉल लबो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो प्रथम तयार केला. आज असे ब्रेकर आपल्या महाराष्ट्रातही बनतात. नाशिकच्या अंबड येथील सी.जी. पॉवर (पूर्वीची क्रॉम्प्टन ग्रीव्हज) कंपनीचा कारखाना त्यासाठी प्रसिद्ध आहे.

या वायूत असे काय आहे? एक म्हणजे तो मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची आहे, म्हणून प्रवाह सेकंदातून 100 वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी हा वायू आर्कमधील इलेक्ट्रॉन टिपून घेतो आणि आर्क पुन्हा पेटत नाही. दुसरे म्हणजे, सारख्याच दाबाखाली तो हवेपेक्षा सुमारे अडीच ते तीन पट विद्युतरोधक आहे. त्यामुळे उपकरणे जवळजवळ बसवता येतात. जागा महाग असलेल्या मुंबईसारख्या शहरात संपूर्ण उपकेंद्रच वायू भरलेल्या धातूच्या नळ्यांमध्ये बंद करून इमारतीत बसवतात. तिसरे म्हणजे तो पेटत नाही आणि आर्कमध्ये तुटला तरी त्याचा बहुतेक भाग पुन्हा जुळून येतो.

आपल्या गावाला पोचणाऱ्या 11 केव्हीच्या लाईनवर आता बहुधा व्हॅक्यूमचे ब्रेकर असतात. पण वीज आपल्यापर्यंत येण्यापूर्वी मोठ्या दाबाच्या उपकेंद्रांतून जाते आणि तेथे एस.एफ.6चे ब्रेकर पहाऱ्यावर असतात. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरातील दिवा, मशिदीतील पंखा आणि शेतातला मोटरपंप या सर्वांच्या मागे हा पहारेकरी उभा आहे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. वायू विषारी नाही, मग भीती कशाची?

मंडळी, आपल्याकडील जुने शेतकरी बंद पडलेल्या विहिरीत उतरण्यापूर्वी दोराने कंदील खाली सोडीत. कंदील विझला तर कोणी उतरत नसे. विहिरीच्या तळाशी जड वायू साचतो, प्राणवायू उरत नाही आणि माणूस न ओरडता खाली बसतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही तेथेच राहतो. एस.एफ.6 तर हवेपेक्षा सुमारे पाच पट जड आहे. गळती झाली की तो केबलच्या चरात, खड्ड्यात, तळघरात जाऊन बसतो. साध्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो, तो 19.5 टक्क्यांखाली गेला असेल तेथे उतरू नये. हे कंदिलाने कळणार नाही, कारण ज्योत विझण्याच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून प्राणवायू मोजण्याचे यंत्र हवे आणि आधी पंख्याने हवा खेळती केली पाहिजे. एखादा साथीदार खाली पडलाच, तर श्वसनाचे साधन लावल्याशिवाय त्याच्यामागे उतरू नका. धैर्य दाखवण्याची ती जागा नव्हे.

दुसरा धोका आर्कचा. आर्क झाल्यावर वायूचा थोडा भाग जुळून येत नाही. त्यातून विषारी घटक बनतात आणि धातूशी संयोग होऊन पांढरी-राखाडी भुकटी साचते. तिला ओलावा लागला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते कातडी, डोळे आणि फुफ्फुसे जाळते. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा : शुद्ध वायूला वास नाही. ब्रेकरजवळ सडक्या अंड्यासारखा उग्र वास आला, तर वायू बिघडला आहे असे समजावे आणि तत्काळ बाहेर पडून वरिष्ठांना कळवावे. असा ब्रेकर उघडण्याचे काम हातमोजे, चष्मा, योग्य मास्क आणि अंगभर पोशाख घातलेल्या प्रशिक्षित माणसांचेच आहे. भुकटी झाडूने झाडू नये, फुंकू नये. तेथे डबा खाऊ नये, विडी ओढू नये.

तिसरी गोष्ट मापकाची. ब्रेकरमध्ये वायू बहुधा सहा-सात बार दाबाने भरलेला असतो. अकोल्या-वाशिमच्या उन्हात 45 अंशाला हा दाब 20 अंशाच्या मानाने आठ टक्क्यांहून अधिक वाढतो आणि थंडीच्या पहाटे उतरतो. वायू मात्र तेवढाच असतो. म्हणून तेथे साधा दाबमापक नसून तापमानाचा हिशेब धरणारा घनता-मापक असतो. वायू कमी झाला की तो आधी इशारा देतो आणि फारच कमी झाला तर ब्रेकरचे चालणे अडवून धरतो. काम लवकर उरकावे म्हणून हा अडसर तारेने जोडून चुकवणे म्हणजे स्वतःच्या व इतरांच्या जिवाशी खेळणे होय.

विद्यार्थी मित्रांनो, हा वायू छातीत भरून घोगऱ्या आवाजात बोलण्याची गंमत काही जण चित्रफितींतून दाखवतात. ती मुळीच करू नका. फुफ्फुसात गेलेला जड वायू प्राणवायूची जागा घेतो.

शेवटची गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. हा वायू हवेत सोडून दिला तर आपल्याला खोकलाही येणार नाही. पण पृथ्वी तापवण्यात तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 24 हजार पट प्रबळ आहे. त्याचा एक किलो सोडणे म्हणजे सुमारे 10 हजार लिटर पेट्रोल जाळण्यासारखे आहे. 1997च्या क्योटो करारात तो रोखावयाच्या वायूंमध्ये घेतला गेला. तो हवेत 3200 वर्षे टिकतो असे मानीत. नव्या अंदाजाने सुमारे 1000 वर्षे. युरोपात 2024च्या कायद्यानुसार 24 केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये तो वापरण्यास 1 जानेवारी 2026 पासून बंदी आहे. त्याजागी व्हॅक्यूम आणि स्वच्छ कोरडी हवा पुढे येत आहे. आपल्याकडे बसवलेले ब्रेकर मात्र अनेक वर्षे चालणार आहेत आणि ते आपल्याच मुलांच्या हाती असणार आहेत. ब्रेकर रिकामा करताना वायू यंत्राने खेचून सिलिंडरमध्ये परत भरता येतो, स्वच्छ करून पुन्हा वापरताही येतो. यास वेळ लागतो. व्हॉल्व्ह उघडून सोडून द्यायला काही लागत नाही, आणि वास नसल्यामुळे कोणाला कळतही नाही.

येथेच खरी परीक्षा आहे. अमानत म्हणजे काय, हे आपल्या मुलांना लहानपणापासून सांगितले जाते. कोणी पाहत नसतानाही दुसऱ्याची ठेव जपणे, ती अमानत. बंद टाकीत असेतो हा वायू आपले रक्षण करतो. बाहेर आला की खड्ड्यातल्या माणसाचा श्वास घेतो आणि अजून न जन्मलेल्यांचे आकाश तापवतो. त्या मुलाला आता माझे उत्तर असे : बाळ, वायूला भिऊ नकोस, पण तो ठेव म्हणून सांभाळ. खाली उतरण्याआधी मोज, वास आला तर बाहेर पड, आणि एकटा असलास तरी व्हॉल्व्ह मोकळा सोडू नकोस.

पालकांना एवढीच विनंती की मुलगा कामावरून घरी आला म्हणजे पगार किती मिळाला हे विचारताना मास्क आणि हातमोजे मिळतात का, हेही विचारीत जा.