आंबट ताक आणि लांब केस



ज्या व्यासपीठावर राज्यकारभाराची, वाङ्मयाची आणि अध्यात्माची चर्चा होते, तेथे ताकाने केस धुण्याविषयी कोणी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु केस गळू लागले म्हणजे माणूस किती कासावीस होतो, आणि त्या कासाविशीवर किती दुकाने चालतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा विषय हलका वाटणार नाही.

शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा, आणि जोडीला आंबट ताक, हा आपल्याकडचा न्हाण्याचा जुना सरंजाम. आज तीच आंबवण्याची विद्या सुंदर बाटल्यांतून परत येत आहे. तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. आंबवलेल्या पदार्थाने त्वचा आणि केस चांगले राहतात काय? आणि त्याने नवे केस उगवतात काय? एकाचे उत्तर दुसऱ्याला लावल्यामुळेच सारा घोटाळा होतो.

पहिला प्रश्न घेऊ. दूध विरजले की त्यातील सूक्ष्म जंतू दुधातल्या साखरेचे आम्ल करतात. हे आम्ल स्वीडनमधील रसायनज्ञ शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. ते जंतूंच्या जीवनव्यापारातून होते, हे पाश्चर यांनी १८५७ मध्ये दाखवले. आता गंमत अशी की, आपल्या त्वचेचा पृष्ठभागही किंचित आम्लच असतो. १९२८ मध्ये दोन जर्मन शास्त्रज्ञांनी त्याला ‘आम्लाचे आवरण’ असे नाव दिले. अंगाचा साधा साबण मात्र अल्कधर्मी. त्याने हे आवरण काही काळ विस्कटते, केसावरची कौलांसारखी बसलेली खवले उचलली जातात, केस खरखरीत होतात आणि विंचरताना तुटतात. सौम्य आम्लाचा हात फिरला की ती खवले पुन्हा खाली बसतात. म्हणजे ताकाने केस मऊ होतात, हा आपल्या आजीबाईंचा अनुभव खोटा नव्हता.

त्वचेचेही तसेच. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांनी, अंगावर माशासारखे खवले येणाऱ्या रोगात दुधाच्या आम्लाचा आणि त्याच्या भाईबंदांचा उपयोग होतो, असे प्रसिद्ध केले. कोरड्या त्वचेसाठी त्या आम्लाच्या क्षाराचे १२ टक्क्यांचे मलम आजही वैद्यकात वापरतात. दह्यात हे आम्ल साधारण १ टक्क्याच्या आसपास. वस्तू एकच, पण मात्रा निराळी. आणि मात्रा निराळी झाली की अन्नाचे औषध होते, किंवा औषधाचे अपायही होतात. असली तीव्र आम्ले लावून उन्हात हिंडले तर त्वचा पोळते. म्हणून दह्याचा गुण सांगून बाटलीतल्या आम्लाची ग्वाही देता येत नाही, आणि बाटलीचा गुण सांगून दह्याचीही देता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. चीनच्या ग्वांगशी प्रांतात हुआंगलुओ नावाचे याओ लोकांचे खेडे आहे. तेथील स्त्रिया आंबवलेल्या तांदळाच्या धुवणाने केस धुतात, आणि त्यांचे केस फार लांब असतात म्हणून त्या धुवणाची कीर्ती जगभर झाली. परंतु कीर्ती सांगणारे एक गोष्ट सांगत नाहीत. या स्त्रिया परंपरेने आयुष्यात एकदाच, अठराव्या वर्षाच्या सुमारास, केस कापतात. ते कापलेले केस आणि पुढे गळणारे केसही त्या जपून ठेवतात व अंबाड्यात गुंफतात. केसाची लांबी किती, हे मुख्यतः तो किती वर्षे वाढत राहतो यावर ठरते, आणि ते बहुतांशी वंशपरंपरेने येते. आपल्यापैकी बहुतेकांचा केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो आणि २ ते ६ वर्षे वाढून थांबतो. धुवण केसाला गुळगुळीत ठेवील, तुटू देणार नाही. पण मुळाला नवी आज्ञा देणार नाही. दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत आहे ते त्वचेखालचे मूळ.

मुळावर परिणाम करणारी औषधे आहेत. रक्तदाबासाठी दिलेल्या मिनॉक्सिडिलने रोग्यांना केस येऊ लागले, असे आढळले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टाळूला लावण्यासाठी मंजूर झाले. तेही सर्वांना लागू पडत नाही, आणि सोडले की गुणही जातो. जिथे नेमके औषध इतके जपून बोलते, तिथे आंबलेल्या पाण्याने किती बोलावे? आपल्या १९४५ च्या औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात टक्कल, अकाली केस पिकणे आणि नवे केस उगवणे यांचा समावेश आहे. ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. तरी जाहिराती चालूच आहेत.

येथे प्रश्न केवळ पैशाचा नाही. केस गळणे हे पुष्कळदा आतल्या बिघाडाचे पत्र असते. रक्तात लोह कमी पडले, गळ्यातली अवटु ग्रंथी बिघडली, दीर्घ ताप येऊन गेला, की केस गळतात. बाळंतपणानंतरही गळतात, पण ते बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते, आणि श्रेय मात्र त्या वेळी हाती असलेल्या बाटलीला मिळते. जी मुलगी रक्त कमी झाल्याने फिकट पडली आहे, तिच्या डोक्यावर सहा महिने धुवण ओतत बसणे म्हणजे आलेले पत्र न वाचता त्याच्या पाकिटाला अत्तर लावणे होय.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. ताजे ताक जरूर लावा, स्वच्छ धुऊन टाका. जखमेवर किंवा चिघळलेल्या त्वचेवर लावू नका. बुरशी धरलेले पाणी मोरीत ओता. केस झुपक्याने जाऊ लागले, किंवा रुपयाएवढी चकती गुळगुळीत झाली, तर स्वयंपाकघरातून उठून डॉक्टरांकडे जा. आणि ज्याचे केस वडिलांच्या वळणावर गेले आहेत, त्याने आरशापुढे उगीच खंत करू नये. ताकाला ताकाचा मान द्यावा. त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा केली, तर फसतो आपण आणि बदनाम होते ते ताक.