वहीतील आकडे आणि दुकानातील निर्णय



दिवाळीच्या शुभमुहूर्तावर वहीपूजन करण्याची परंपरा व्यापारी घराण्यांत आजही श्रद्धेने पाळली जाते. वहीवर कुंकू वाहिले जाते, 'शुभ-लाभ' लिहिले जाते. परंतु त्यानंतर वर्षभर पुष्कळ दुकानांत नोंदी मुनीम करतो, विवरणपत्रे कर सल्लागार भरतो आणि नफा-तोटा पत्रक मालकाच्या हाती पडते तेव्हा वर्ष संपून अनेक महिने लोटलेले असतात. पत्रकात नफा दिसतो, गल्ल्यात मात्र पैसा नसतो. हा पैसा जातो कोठे?

उदाहरणादाखल एक कापड दुकान घ्यावे. वार्षिक विक्री ६० लाख रुपये आणि ढोबळ नफा २० टक्के, म्हणजे १२ लाख. विकलेल्या मालाची खरेदी किंमत ४८ लाख झाली. दुकानात सरासरी २४ लाखांचा माल असेल, तर तो वर्षातून केवळ दोनदा फिरतो. प्रत्येक ताका सरासरी सहा महिने फळीवर राहतो. मालाची वयानुसार यादी केली, की त्यातील ८ लाखांचा माल वर्षाहून जुना असल्याचे आढळते. हा माल खरेदी किमतीपेक्षा १० टक्के कमी भावाने विकला, तर ८० हजारांचा तोटा होतो. पण ७ लाख २० हजार रुपये मोकळे होतात. कॅश क्रेडिटचे व्याज १२ टक्के धरल्यास वर्षाला ८६ हजार ४०० रुपये वाचतात. तोटा एकदाच होतो आणि पहिल्याच वर्षात भरून निघतो.

मात्र सूट सरसकट देऊ नये. ८० रुपयांचे कापड १०० ऐवजी ९० रुपयांना विकले, तर नफा २० वरून १० रुपयांवर येतो. तेवढाच ढोबळ नफा मिळविण्यासाठी दुप्पट माल विकावा लागतो. म्हणून चालत्या मालाचा भाव राखावा व पडून राहिलेला माल काढावा.

दुसरा आकडा उधारीचा. याच दुकानाचे येणे १० लाख असेल, तर दोन महिन्यांची विक्री लोकांकडे अडकली आहे. येण्याची ३०, ६० आणि ९० दिवसांप्रमाणे विभागणी केली, की वसुलीस कोणाकडे प्रथम जावे हे कळते. जुन्या संबंधांमुळे मागण्यास संकोच वाटतो, हे खरे. परंतु त्या संकोचाचा भार अखेर विणकरावर पडतो, कारण वसुली थांबली की त्याचे देणेही थांबते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियमानुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे देणे लेखी करारातील मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, द्यावे लागते. करार नसल्यास मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास व्याजही द्यावे लागते. इचलकरंजी वा मालेगावच्या छोट्या यंत्रमागधारकाला मजुरांचा पगार वेळेवरच द्यावा लागतो, याचा विसर पडू नये.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. दरमहा १४ तारखेच्या सुमारास जीएसटीआर-२बी उपलब्ध होते. त्याच्याशी खरेदीची बिले ताडून पाहावीत. पुरवठादाराने बिल दाखविले नसेल, तर त्यावरील कराची वजावट मिळत नाही. त्याच बैठकीत साठा, येणे आणि देणे हे तीन आकडे एका कागदावर मांडावेत. खाली एकच निर्णय लिहावा: कोणती खरेदी थांबवायची, कोणता माल काढायचा किंवा कोणाकडे वसुलीस जायचे. पुढील महिन्यात तो अमलात आला की नाही, हे प्रथम पाहावे.

या बैठकीत मुलाला, मुलीला आणि सुनेलाही बसवावे. पेढी पुढील पिढीच्या हाती सोपविताना दुकानाच्या किल्ल्यांबरोबर आकडे वाचण्याची ही सवयही त्यांना मिळावी, हीच अपेक्षा.