आवाजाचा पाटकरी



आपल्या केंद्रावर बोलायला येणारी बाई एक रोज बुडवून येते. रेशनची अडचण असो नाहीतर घरातला त्रास, मन घट्ट करून सांगते. ते नीट रेकॉर्ड झालं नाही, तर पुन्हा सांगा असं तिला कोणत्या तोंडानं म्हणायचं? म्हणून आज आम्ही सांगणार आहोत, की माइकमधला आवाज कॉम्प्युटरमध्ये कुठे जातो आणि ते कोण ठरवतं.

केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. त्यात आवाज आणि चित्र इकडून तिकडे नेण्याचं काम पाइपवायर करतो. हा झाला पाट. पण पाटाला काय कळतं, आज पाळी कुणाची? कुणाच्या वावराचं दार उघडायचं हे पाटकरी बघतो. कॉम्प्युटरमधल्या अशा पाटकऱ्याला सेशन मॅनेजर म्हणतात. आमच्याकडच्याचं नाव वायरप्लंबर.

नवा माइक किंवा हेडफोन जोडला, की हा त्याची दखल घेतो आणि तो वापरायला तयार करतो. रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला, की त्याची जोडणी कुठल्या माइकशी करायची ते ठरवतो. चालू असलेलं एखादं यंत्र मध्येच काढलं, तर दुसरं शोधतो. कॅमेऱ्यासारखी वस्तू कुठल्या प्रोग्रामला वापरू द्यायची, ही राखणही त्याच्याकडे असते.

मात्र तो चालतो नेमून दिलेल्या नियमांनी. टेबलावर चांगला माइक असला, तरी नियमाप्रमाणे तो कॅमेऱ्यातला बारका माइक निवडू शकतो. मग आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. ब्लूटूथ हेडफोनचंही तसंच. रेकॉर्डिंग सुरू झालं, की त्याचा माइक उघडायला तो हेडफोन फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचा कस उतरतो. अशा वेळी ना बोलणारीचा गळा वाईट असतो, ना यंत्र बिघडलेलं असतं. दार चुकीचं उघडलेलं असतं, एवढंच.

ते बदलणं आपल्या हातात आहे. वायरचा माइक लावा. सेटिंगमध्ये साउंड उघडा, इनपुटमध्ये तोच माइक निवडा. बोलून बघा, पट्टी हलते का. माइकवर टिचकी मारून खात्री करा, कॅमेऱ्याजवळ नको. मग दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. एकदा निवडलेला माइक वायरप्लंबर लक्षात ठेवतो. तरी दुसरं काही जोडलं असेल, तर पुन्हा तपासा.

कॉम्प्युटरवाला मुलगा येईपर्यंत थांबायची गरज नाही. गटाच्या वहीत व्याजाचा हिशोब जुळवणाऱ्या आपण. पाहुणी बाई चहा घेईपर्यंत हे काम होतं. येत्या रेकॉर्डिंगला प्रत्येक गटातल्या दोघींनी थोडं आधी या, आपण मिळून करून बघू.