हात वर करा!



"उत्तर कोणाला येतंय? हात वर करा!" हे बाईंचं वाक्य ऐकत आपण मोठे झालो. आज मी विचारते, न दुखता हात पूर्ण वर कोणाचा जातो? मघाशी चहाच्या वेळी तिघांनी मला आपापला खांदा दाखवला, म्हणून हा विषय.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण दोन वर्षांपूर्वी गाडीत पुढे बसूनच मागच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग ओढली आणि खांद्यात कळ आली. पुढे वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं, रात्री त्या कुशीवर झोपता येईना. सगळ्यांनी निदान करून टाकलं, "फ्रोझन शोल्डर!" मीही दात-ओठ खाऊन भिंतीवर हात रेटत राहिले. चार महिने. दुखणं वाढलं.

शेवटी अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. दुखणं 'रोटेटर कफ'चं निघालं. खांद्याची खोबण उथळ असते. त्यात दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवतात चार लहान स्नायू आणि त्यांच्या कंडरा. वयाबरोबर त्या झिजतात, झटक्याने किंवा पडल्याने फाटतात. माझी एक कंडरा थोडी फाटली होती.

फरक साधारण असा: फ्रोझन शोल्डरमध्ये सांधाच आखडतो, दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही. कफच्या दुखण्यात दुसऱ्याने उचलला तर बराच वर जातो, आपला आपण उचलताना दुखतो किंवा ताकद लागत नाही. पण हे डॉक्टरांनीच तपासायचं. कार्यक्रमात चूक कुठे आहे हे कळल्याशिवाय आम्ही दुरुस्ती करत नाही. खांद्याच्या बाबतीत मी नेमकं तेच केलं होतं.

ऑपरेशन लागलं नाही. अशा दुखण्यात बहुतेकांना आधी व्यायामच सांगतात. कोपर कुशीला चिकटवून रबरी पट्टा बाहेर ओढायचा, खांद्याची पाती मागे जुळवायची. दिसायला पोरखेळ, पण रोज, किमान 12 आठवडे. तिसऱ्या आठवड्यात मी कंटाळून सोडणार होते. फिजिओथेरपिस्टने सोडू दिलं नाही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, पण ते वारंवार घेतल्यास कंडरा कमजोर होऊ शकते. हात गळ्यात बांधून महिनोन् महिने ठेवणंही चूक. त्याने खांदा आखडतो.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पडल्यानंतर हात एकदम उचलेनासा झाला, तर 'बघू' म्हणू नका, लगेच दाखवा. पूर्ण फाटलेली कंडरा शिवायची असेल तर उशीर महागात पडतो. आणि खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम, धाप असेल, तर तो खांदा नसून हृदय असू शकतं. तडक रुग्णालय गाठा.

सर, बाई, तुम्ही वर्षानुवर्षं हात उंचावून फळ्यावर लिहिलंत. तेव्हा तुमचे खांदे दुखत असतील, हे आमच्या कधी मनातही आलं नाही. आज दुखत असतील तर 'वयाचं आहे' म्हणून सोसू नका. तपासून घ्या.

पुढच्या स्नेहमेळाव्यात मी पुन्हा म्हणणार आहे, "हात वर करा!" सगळे हात दिसले पाहिजेत.