तळातली मासळी

श्रोतेहो, कोकणात समुद्राच्या वाळूत चपटी लेपी पडून असते; तिचे दोन्ही डोळे एकाच बाजूला! आपल्या जालन्याला समुद्र कुठला? पण अंबड-घनसावंगीकडे गोदावरीच्या डोहात तळाची मासळी आहेच. वाम चिखलात दडते. शिंगाडा मिशांनी चाचपडत भक्ष्य शोधतो. तलावात सोडलेल्या मासळीतही कटला वर चरतो, रोहू मधे, अन् मृगळ तळचा कुजका पाला खातो. गुरुजी, मृगळाचे खाली वळलेले तोंड मुलांना जरूर दाखवा. तेव्हा गळाला शिसे बांधून गांडूळ तळाशीच सोडावे.

मात्र पहिल्या पुरात चढणीला लागलेल्या माशांच्या पोटात अंडी असतात. ओढ्यात आडवे जाळे लावून ते धरले, तर पुढच्या वर्षी डोहात काय राहणार? आषाढ-श्रावणात गळ आढ्यालाच टांगून ठेवा, मंडळी.