व्यसन सुटले, पुढे काय?

(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



दारू सोडा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. सोडल्यावर दिवस कसा घालवावा, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. खरी अडचण तेथेच आहे. पिणाऱ्याची संध्याकाळ, खिशातला पैसा आणि सोबती हे तिन्ही दारूने व्यापलेले असतात. दारू गेली की ही तिन्ही ठिकाणे ओस पडतात. ती चांगल्या गोष्टींनी भरली नाहीत, तर दारू गेलेल्या वाटेनेच परत येते.

आरंभी एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास हात थरथरणे, झटके येणे, भास होणे असे प्रकार होतात. प्रसंगी जीवही जातो. गळ्यात माळ घालणे, देवापुढे शपथ घेणे यांचे मोल मोठे आहे. परंतु जोडीला डॉक्टर हवेतच.

त्यानंतर दिवसक्रम. ठरल्या वेळी उठावे, वेळेवर जेवावे, शेताचे किंवा गोठ्याचे काम नेमाने करावे. तल्लफ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ हात गुंतलेले असावेत व जवळ कोणीतरी असावे. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही तिची चार दारे. म्हणून अंग मोडेपर्यंत कामही नको. बाजाराच्या व मजुरी मिळण्याच्या दिवशी घरचे माणूस बरोबर घ्यावे. जुन्या गुत्त्याची वाट टाळून लांबच्या वाटेने गेल्यास काही बिघडत नाही.

सर्वांत मोठा आधार दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यात आहे. सन १९३५ ची गोष्ट. अमेरिकेतील बिल विल्सन यांना दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. अॅक्रन गावी धंद्याचे काम फसले आणि पिण्याची इच्छा उसळली. त्यांनी दारूऐवजी टेलिफोन गाठला व आपल्यासारखाच एखादा पीडित माणूस शोधला. ते होते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बॉब स्मिथ. दोघे तासन्‌तास बोलले. पुढे दोघेही मरेपर्यंत दारूपासून दूर राहिले, आणि त्यातूनच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही जगभर पसरलेली चळवळ उभी राहिली.

महाराष्ट्रातही सन १९८६ मध्ये डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तेथे बरे झालेले अनेकजण नव्या रुग्णांना धीर देत आले आहेत. संत गाडगेबाबांचे वडील तर दारूपायीच गेले. बाबांनी हाती खराटा घेऊन गावे झाडली आणि कीर्तनांतून दारूवर कोरडे ओढले.

आता गावाचे कर्तव्य. सुधारू पाहणाऱ्याला ‘किती दिवस टिकतो बघू’ असे म्हणू नये. त्याला भजनात टाळ द्यावेत, पंक्तीत वाढायला बोलवावे, शाळेच्या आवारातील झाडांचे पाणी त्याच्याकडे सोपवावे. लहान काम, पण त्याच्या नावावरचे. घरच्या लक्ष्मीने फार सोसलेले असते. तिचा विश्वास महिन्याभरात परत येत नाही. तो मागू नये, रोजच्या वागण्याने मिळवावा.

एखादे वेळी पाय घसरला, तर सारे संपले असे समजू नये. लपवाछपवी न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. १४४४६ या शासकीय क्रमांकावर विनाशुल्क सल्ला मिळतो.

गावातील एक माणूस सावरला की एक घर सावरते. ज्याने दारू सोडली आहे, त्याची आजची संध्याकाळ रिकामी राहू नये, एवढीच या व्यासपीठावरून समस्त ग्रामस्थांना नम्र विनंती.