शब्दावाचून हसणे



विनोदी मूकपटांवरील माझ्या पुस्तकाची जी परीक्षणे आली, त्यांतील एका आक्षेपाला आज पालघरकरांसमोर उत्तर द्यावयाचे आहे. आक्षेप असा की, पडापडी आणि धावाधाव हा हलक्या दर्जाचा विनोद. त्यावर आख्खे पुस्तक लिहावयाचे कारण काय?

मराठी माणसाला हा प्रश्न सुचावा, यात नवल नाही. कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी यांनी आपणांस शब्दांतून हसावयास शिकविले. पण १९१४ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’च्या जोडीला ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदी मूकपट दाखविला. असल्या चित्रपटाला हसावयास अक्षरओळखही लागत नव्हती. मी ह्याला उणेपणा मानीत नाही.

राहिला हलकेपणा. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’मध्ये वादळात घराची सबंध दर्शनी भिंत बस्टर कीटनच्या अंगावर कोसळते. तो नेमका खिडकीच्या पोकळीखाली उभा, म्हणून वाचतो. भिंत खरोखरीच जड होती; चार बोटांची चूक झाली असती तर जीव गेला असता. आपण हसतो ते क्षणमात्र. त्यामागे मोजमाप होते, धैर्य होते.

आता चॅप्लिनचा १९३६ चा ‘मॉडर्न टाइम्स’ घ्या. बोलपट येऊन कित्येक वर्षे लोटली होती, तरी त्याचा कामगार बहुतांशी मुकाच राहिला. माणसांचे बोलणे ऐकू येते ते बहुधा यंत्रांतून. सरकत्या पट्ट्यावर नट आवळून आवळून काम थांबले तरी त्याचे हात थांबत नाहीत. पुढे जेवण भरविणारे यंत्रही त्याच्यावर आजमावून पाहतात. हेतू हा की, जेवणाची सुट्टी वाचावी! बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत रात्रपाळी केलेल्या श्रोत्याला यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. पडणाऱ्याची ही टवाळी नव्हे. पडलेला उठतो, टोपी झटकतो आणि पुन्हा चालू लागतो, याचा हा आनंद आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आज कितीतरी प्रांतांतील माणसे एका छपराखाली राबतात. एकाची भाषा दुसऱ्याला येतेच असे नाही. माझ्या टीकाकारांना विनंती एवढीच की, हा चित्रपट त्यांनी एकदा या मंडळींत बसून पाहावा, आणि कोण कोठे हसतो ते टिपून घ्यावे. मग माझ्या पुस्तकाविषयी जे लिहावयाचे ते खुशाल लिहावे.